आष्ट्याचं तेल

३ जून, सोमवार

आष्ट्याहून तेल आलं. गडद काचेच्या चार बाटल्या, बुचांना मेण लावलेलं. जयराज नावाचा तरुण स्वतः घेऊन आला, एसटीनं, बाटल्यांची पिशवी मांडीवर धरून. चाकणची नोकरी सोडून त्यानं वडिलांच्या तेलघाण्यामागच्या शेडमध्ये सोयाबीनपासून ट्रान्सफॉर्मरचं तेल केलं आहे. खनिज तेलासारखं ते चटकन पेटत नाही, सांडलं तर मातीत मुरून जातं. कवठे महांकाळकडच्या उपसा योजनेच्या पंपघरात एक ट्रान्सफॉर्मर रिकामा उभा आहे. आमच्या शिरवळच्या लॅबनं पास केलं तर त्यात हे तेल भरतील, नाही तर नेहमीचं. नदीला पाणी चढलं की पंप सुरू होणार, म्हणजे जुलैच्या मध्याच्या आत ठरायला हवं.

सोनियानं बाटली उजेडात धरली. ती माझी सहायक. तिला गप्प बसवत नाही.

"दादा, ह्यात भजी तळली तर?"

"तळा की," जयराज म्हणाला. "पास केलं तर डबा भरून पाठवतो. नापास केलं तर आमच्या घरात लोक वर्षभर त्यातच भजी खातील."

सोनिया हसली. मी नोंद केली, नंबर टाकले.

जाताना तो म्हणाला, "मॅडम, एकदा नापास शिक्का बसला की पुन्हा कोण दारात उभं करणार नाही. तेवढं बघा." सगळेच असं म्हणतात.

घरी आल्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "जेवलीस का दुपारी?" हो म्हटलं. जेवले होते की नाही ते आठवेना.

६ जून, गुरुवार

कपाट आवरलं. आत्या बरेच दिवस मागे लागल्या होत्या. हे फेब्रुवारीत गेले. रात्रपाळी करून आले, बूट काढायला खुर्चीत बसले आणि तसेच राहिले. सैन्यातून आल्यावर सहा-सात वर्षं इथल्याच एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर होते.

शर्ट, पँटी, दोन स्वेटर आत्यांनी जुन्या लुगड्यात बांधले. वाकळ शिवणार म्हणाल्या. बनियनी राहिल्या, मिलिटरीतल्या, हिरव्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्या वाकळेत कोण घालणार? मी पिशवीत भरल्या.

ह्यांच्या फोनचं रिचार्ज संपत आल्याचा मेसेज आला. केलं.

७ जून, शुक्रवार

आमटीत मीठ नव्हतं. आत्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "विजे, मीठ महाग झालंय व्हय?" मी खात होते, मला काही वेगळं लागलं नव्हतं.

लॅबमध्ये कप पुसायचा कागद संपला. मागणी लिहिली आहे, पुण्याहून यायला वेळ लागतो.

११ जून, मंगळवार

आष्ट्याच्या तेलाची पहिली चाचणी. या तेलासाठी कप वेगळा ठेवला आहे, खनिज तेलाचा त्यात थेंब जायला नको. शिवाय हे तेल काचेवर पातळ राहिलं की हवेनं चिकट होतं, बोटाला लागतं. खनिज तेलाच्या कपाला ती कटकट नाही, तो चांगल्या तेलानं भरून ठेवला की झालं. हा कप मात्र दर वेळी धुऊन पुसावा लागतो. पुसला.

२७, ४९, २२, ३८, २४, ३१.

योजनेच्या साहेबांनी सरासरी किमान पंचेचाळीस किलोव्होल्ट मागितली आहे. ही बत्तीसच्या आत येते.

सोनिया म्हणाली, "बापरे, उड्या मारतंय नुसतं." मी म्हटलं, ओल असेल. वनस्पतीचं तेल पाणी ओढून घेतं.

१३ जून, गुरुवार

ओल मोजली. मर्यादेच्या बरीच आत. तरी तेल व्हॅक्यूमखाली तापवून, गाळून पुन्हा लावलं. २९, २१, ४४, २६, ३५, २३. पहिल्यापेक्षा खाली.

संध्याकाळी आत्यांनी विचारलं, "तू दिसभर तितं करतीस काय गं? नुसतं त्याल बघत बसतीस म्हनं."

मी सांगितलं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तारांची वेटोळी असतात, ती तेलात बुडवलेली असतात. वीज एकीकडून दुसरीकडे उडी मारू नये म्हणून. आम्ही काचेच्या कपात दोन पितळी बोंडं अडीच मिलिमीटरवर ठेवतो, मध्ये तेल, आणि दाब वाढवत नेतो. कुठवर सोसतं ते बघायचं.

"आन् न्हाई सोसलं की?"

"ठिणगी पडते. मशीन बंद होतं. मग ढवळायचं, जरा थांबायचं, पुन्हा दाब द्यायचा. असं सहा वेळा."

"आगं, येकदा मेल्यालं पुन्ना कशाला मारताय?"

"तेल परत मिटतं आत्या. ठिणगी विझली की भोक बुजतं."

 थोड्या वेळानं त्यांनी सुई ओवून द्यायला बोलावलं. दिली.

१९ जून, बुधवार

तिसरी बाटली. तेच. रिपोर्ट लिहिला, सही केली. नापास. घोरपडे साहेबांनी, आमच्या व्यवस्थापकांनी, वाचून मान हलवली आणि मेल पाठवून दिला.

पाच मिनिटांत जयराजचा फोन.

"मॅडम, काहीतरी चुकतंय. आमच्याकडं साठच्या खाली येत नाही."

"तुमच्याकडचं मशीन कधी तपासलंय?"

"मागच्या महिन्यात. मॅडम, तुमी सांगा ना, मी त्यात अजून काय करू? गाळायचं किती? वडील बोलत नाहीत दोन दिवस झाले. मी काय…" मग तोच म्हणाला, "राहू द्या. तुमचा काय दोष."

मी म्हटलं, आकडे जे आहेत ते आहेत. खरंच आहे ते. फोन ठेवल्यावर सोनिया माझ्याकडे बघत होती. "मॅडम, लय कोरडं बोललात." मी म्हटलं, मग काय बोलायचं?  

२४ जून, सोमवार

पंपघरात खनिज तेल भरण्याची तारीख ठरली, पंधरा जुलै. घोरपडे साहेबांनी सहज सांगितलं.

खंबाटकीच्या बाजूला दिवसभर ढग होते. बसमध्ये झोप लागली, स्टँड मागे राहिला. पुढच्या फाट्यावर उतरून चालत आले. पाय दुखायला हवे होते.

२८ जून, शुक्रवार

चौथी बाटली उरली होती, नियमाप्रमाणे जपून ठेवायची. सोनिया म्हणाली, "मॅडम, जयराजनं दाखवायला आणलेलं थोडं सुटं तेल आहे. सहज लावून बघू?" काम नव्हतं. लाव म्हटलं. कप मी पुसून दिला.

दुपारी खिडकीतून ऊन तिरपं येतं. ते बरोबर कपावर पडलं होतं. दाब वीसच्या पुढे गेला आणि तेलात काहीतरी हललं. आधी वाटलं बुडबुडा. मी काचेला नाक लावून बघितलं. बारीक धागे होते, चार-पाच. दाब नसतो तेव्हा ते कसेही तरंगतात. दाब वाढला की सरळ होतात, एकामागे एक लागतात, एका बोंडापासून दुसऱ्यापर्यंत. मग वीज त्यांच्यावरून चालत जाते. हे मला माहीत आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, कपाला कापड लावायचं नाही, तंतू सुटतात.

भिंग लावलं. धागा हिरवा होता.

ठिणगी पडली. २३.

सोनियानं विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, काही नाही, ऊन आहे.

तिला घरी जायला सांगितलं. घरून आणलेली बनियनींची पिशवी काढून बघितली. एकच बनियन उरली होती, बाकीच्यांचे तुकडे टेबलाच्या खणात, तेलकट. मीच कापले होते. कधी कापले ते आठवतं, कात्री कुठली तेही. पण कापताना आपण काय कापतोय हे मनात आलंच नव्हतं. फक्त मऊ आहे, चांगलं पुसलं जातं, एवढंच वाटलं होतं.

कप तसाच ठेवला. झाकण लावलं.

२९ जून, शनिवार

सुट्टी. वॉचमनला फाईल राहिली म्हणून सांगून लॅबमध्ये गेले. कपातलं तेल बघितलं. धागे तळाशी बसलेत. टॉर्च धरला की दिसतात. परत आले.

१ जुलै, सोमवार

सांगायला हवं. रिपोर्ट मागे घ्यायला हवा. ते तेल चांगलं आहे, त्या माणसाचं वाटोळं होतंय आणि ते माझ्या हातानं. हे सगळं मला दिसतं, समोरच्या भिंतीवर लिहिल्यासारखं. तरी दिवसभर उठले नाही.

घाबरले आहे का? नोकरीचं नसावं. ऑगस्टमध्ये लॅबच्या मान्यतेची तपासणी आहे, साहेब चिडतील, चिडू देत. दुसरंच आहे. रिपोर्ट मागे घेतला की फेरचाचणी. फेरचाचणी म्हणजे कप रिकामा करायचा, सॉल्व्हंटनं तीनदा धुवायचा.

सोनियानं कप धुवायला उचलला होता. मी ओरडले. ती दचकून म्हणाली, "मॅडम, ठेवला बाई, ठेवला."

४ जुलै, गुरुवार

जयराज स्वतः आला. वाद घालायला नाही. चौथी बाटली परत मिळेल का विचारायला, कवठे महांकाळच्या पंपघरात ठेवलेली तेलाची पिंपंही न्यायची म्हणाला. दाढी वाढली होती. बाकावर बसून पाणी प्यायला.

"आता काय करणार?" सोनियानं विचारलं.

"चाकणला फोन केलाय. जुन्या साहेबांनी ये म्हटलंय." मग हसला. "घाणा आहेच. शेंगदाणा तेल काढतो, त्याला कोण शॉक देत नाही."

मला उभं राहायचं होतं.  तो गेटपर्यंत पोचला तेव्हा मी खिडकीतून हाक मारली, "जयराज, थांबा. पिंप हलवू नका."

"काय मॅडम?"

"पिंप हलवू नका. चूक तेलात नाही. लॅबमध्ये आहे."

तो तिथंच उभा राहिला, पाऊस सुरू झाला होता तरी.

घोरपडे साहेबांकडे गेले. म्हटलं, कपात कापडाचे तंतू होते, माझी चूक, रिपोर्ट मागे घ्यायचा आहे.

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, पंधरा वर्षांत तुम्ही एकदाही… कापड? तुम्ही?"

"हो."

"ऑगस्टमध्ये तपासणी आहे. आपण असं करू, पुढच्या वर्षी तो नवीन नमुना आणेल, तेव्हा पास करू. पोरगा तरुण आहे."

"पुढच्या वर्षी तो चाकणला असेल साहेब."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. वाईट माणूस नाही. हे गेले तेव्हा दारात पहिली गाडी त्यांचीच आली होती. शेवटी म्हणाले, "चौकशी लागेल. तोवर तुम्हाला सही करता येणार नाही. चाचणी सोनिया करेल, बाहेरचा साक्षीदार बसेल. चालेल?"

चालेल म्हटलं.

"कापड कुठून आलं, मॅडम?"

"घरून."



५ जुलै, शुक्रवार

आत्यांना सांगितलं. त्या वाकळ पसरून बसल्या होत्या, ह्यांच्या निळ्या शर्टाची पट्टी मधोमध आली आहे. म्हटलं, आत्या, बनियनी मी लॅबला नेल्या होत्या. पुसायला. त्यांच्या धाग्यांनी एका माणसाचं तेल नापास झालं.

त्यांनी सुई खोचून ठेवली. मला वाटलं बोलतील.

"जोतीरामाच्या बनेनीनं?"

"हो."

"आगं, त्याला घामच इतका यायचा. लष्करात हुता तवा बी सायेब म्हनायचा, पवार, तू पावसात उभा हाईस का?" आणि त्या हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. खूप वेळ. मध्येच कधी हसणं थांबलं मला कळलं नाही, पदर तसाच होता.

मग म्हणाल्या, "पोराला त्रास दिलास ना? जा, धू त्ये भांडं. धुन्यानं मानूस जात न्हाई. गेल्यालं हाय त्ये."

मी म्हटलं, हो.

आमटी त्यांनी केली होती. खारट वाटली. सांगितलं नाही.

९ जुलै, मंगळवार

सकाळी साडेनऊला फेरचाचणी. साताऱ्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक साक्षीदार म्हणून आले. जयराज आला, इस्त्रीचा शर्ट घालून. वडीलही आले होते, बाहेर गाडीतच बसले. "आत या म्हटलं तर म्हणतात, मला तेल कळतं, वीज नको," जयराज म्हणाला.

कप मी धुते म्हटलं. नियमात बसतं, सही करायची नव्हती. कपाचं झाकण काढलं. तेल जाळायच्या डब्यात ओतलं. धागे ओतताना दिसले नाहीत. मग सॉल्व्हंट, एकदा, दोनदा, तीनदा. ओव्हनमध्ये वाळवला. पुण्याहून आलेला कागद फोडला. नवीन बाटलीचं बूच जयराजनं स्वतः काढलं. त्याच तेलानं कप विसळून भरला.

बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं असतं.  प्राध्यापक फोन बघत होते.

जयराजनं हळूच विचारलं, "मॅडम, कापड कसलं होतं? म्हणजे, तुम्ही लॅबमध्ये असं कधी… म्हणून विचारतो. रागानं नाही."

मी त्याला सांगितलं. माझे मिस्टर फेब्रुवारीत वारले. त्यांच्या बनियनी होत्या. मऊ होत्या. मी त्यांनीच तुमचा कप पुसत होते, मला कळत नव्हतं.

असं सलग मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावंच लागलं नव्हतं, सगळ्यांना आधीच माहीत असायचं. 'वारले' हा शब्द तोंडातून बाहेर आला आणि टेबलावर तसाच पडून राहिला, दुसऱ्या कुणी उचलला नाही.

जयराज कपाकडे बघत होता. म्हणाला, "आमच्या आजोबांची टोपी घाण्याला बांधलेली असायची. पुसायलाच." नंतर म्हणाला, "वडिलांनी ती कधी बदलली नाही. लय घाण झाली होती."

सोनियानं बटण दाबलं.

६१.

ढवळलं, थांबलो. ५८. मग ६३. जयराज प्रत्येक आकड्याला ओठ हलवत होता, आवाज नाही. ५९. ६४.

सहाव्या वेळी दाब चढत गेला, चढत गेला, साठ, पासष्ट. प्राध्यापकांनी फोन खिशात ठेवला. ६६ ला ठिणगी पडली, बारीक, निळी, आणि तेल मिटलं.

सरासरी काढायची गरज नव्हती. सोनियानं तरी काढली, मोठ्यानं वाचली, सही केली. प्राध्यापकांनी खाली सही केली. जयराज गाडीकडे पळाला. खिडकीतून दिसत होतं, वडिलांनी काच खाली केली, तो काहीतरी बोलला, त्यांनी हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. काच पुन्हा वर केली. थोड्या वेळानं गाडीचा हॉर्न वाजला, लांबलचक. कुणी दाबला कोण जाणे.

ओल मोजायची अजून बाकी होती. नमुन्याची बाटली मी हातात धरली होती, तोंड उघडं, सिरिंज घेऊन सोनिया यायची वाट बघत. ती आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. तिनं सिरिंज खाली ठेवली आणि माझ्या हातातली बाटली अलगद काढून घेतली, बूच लावलं.

"मॅडम, जरा बाजूला या ना. तेलात पाणी पडेल."

मी वर बघितलं. छत गळत नव्हतं.